पोच

आमच्या गावात इंटरनेट नाही असं कोणी म्हणालं की मला राग येतो. इंटरनेट आहे. फक्त ते वस्तीत राहत नाही. आमचं गाव दापोली तालुक्यात, दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. माणसं खाली ओढ्याच्या काठाने राहतात आणि इंटरनेट वर सड्यावर राहतं. एखाद्या विरक्त पुरुषाप्रमाणे त्याला प्रपंचाची गडबड सोसत नाही. ज्याला दर्शन हवं असेल त्याने पंचवीस मिनिटं चढून जावं, थोडा वेळ तिष्ठावं, आणि नशिबात असेल तेवढं घेऊन खाली उतरावं.

मी लालबागला राहतो आणि दादरच्या एका बँकेत कारकून आहे. आमच्या शाखेत दोन मिनिटं इंटरनेट गेलं तर काउंटरच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या खानदानाची चौकशी सुरू होते. असा मी, गणपतीला गावी गेलो की पहिल्या दिवशी फोन उंच धरून अंगणात गोल गोल फिरतो. एकदा शेजारच्या काकूंनी हे पाहिलं आणि त्या आईला म्हणाल्या, "मुंबईत राहूनसुद्धा तुळशीला प्रदक्षिणा घालायचं सोडलं नाही हो याने. नाहीतर आमचे चिरंजीव!"

शेवटी वाडीतल्या पोरांनीच मला गावाचा भूगोल समजावून दिला. सहाणेवर एक दांडी. तिथे अक्षरं जातात, फोटो जात नाही. थोरल्या फणसाखाली दोन दांड्या. तिथे आपलं बोलणं पलीकडे जातं पण पलीकडचं आपल्याला ऐकू येत नाही. त्यामुळे ज्यांना नुसतं सांगायचं असतं आणि ऐकायचं नसतं अशी मंडळी फणसाखाली जमतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. सड्यावर चार दांड्या. आणि घरात म्हणाल तर आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा ठेवला, तर अधूनमधून अर्धी. आई सकाळी देवांना फुलं वाहते आणि मग फोनला बरणीपाशी बसवते. दोघांकडूनही तिची फार अपेक्षा नसते.

गेल्या गणपतीत परतीचं रेल्वेचं तिकीट काढायचं होतं. ग्रामपंचायतीच्या कचेरीत तारेने येणारं इंटरनेट आहे. वीज असली आणि खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस गावात असला, की ते चालतं. त्या दिवशी दोन्ही योग जुळून आले होते. मी संगणकापुढे बसलो, नावं भरली, वयं भरली, पैसे भरायचा क्षण आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली की तुमच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी पाठवला आहे. आता गंमत अशी की कचेरीत तारेचं इंटरनेट असलं तरी मोबाइलला तिथे शून्य दांड्या. ओटीपी उतरणार तो सड्यावर. त्याची मुदत पाच मिनिटं आणि चढ पंचवीस मिनिटांचा.

पण पोरांना हे नवीन नव्हतं. माझा फोन घेऊन पुतण्या आधीच सड्यावर गेला होता. मधल्या बांधांवर हाकेच्या अंतराने पाच पोरं उभी होती. वरून आरोळी आली, "आठ!" खालचा ओरडला, "आठ!" असा तो आठ टप्प्याटप्प्याने डोंगर उतरून कचेरीच्या खिडकीतून आत आला. मग चार आला. तिसऱ्या आकड्याच्या वेळी मधल्या पोराच्या अंगावर म्हैस आली आणि 'सहा'चा 'दहा' झाला. दहा हा एक आकडा नसतो हे मी उलट्या टपालाने वर कळवेपर्यंत मुदत संपली. तिसऱ्या खेपेला जमलं. तिकीट मिळालं ते प्रतीक्षा यादीतलं.

रात्री आरतीला गेलो तर तीन घरच्या वहिनी विचारत होत्या, "भावजी, शेवटी सहाच ना तो?" 'आपला ओटीपी कोणालाही सांगू नका' ही पाटी आमच्या शाखेत मी माझ्या हाताने चिकटवलेली आहे. माझा ओटीपी त्या दिवशी दोन वाड्या आणि एक म्हैस यांना ठाऊक होता.

आरतीनंतर भाऊकाका ओटीवर येऊन बसले. वय पंच्याऐंशी, पान स्वतः कुटून खातात. म्हणाले, "तुमच्या यंत्राचं मला एक कळत नाही बाबा. गेलं म्हणता, पण पोचलं का ते सांगता येत नाही. आमच्या वेळी उशीर व्हायचा, नाही असं नाही. पण पोच यायची."

पोच! हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मराठीत पोच म्हणजे पावती आणि पोच म्हणजे अक्कलही. कशाला काय म्हणावं हे ज्याला कळत नाही त्याला आपण 'पोच नाही' म्हणतो. भाऊकाकांना यातला कोणता अर्थ अभिप्रेत होता हे मी विचारलं नाही.

मी बी.कॉम. झालेला माणूस. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर दोन्ही पक्षांच्या संमतीने संपला. पण हिशेबाचं एक आहे, आदल्या सालची शिल्लक पुढे ओढल्याशिवाय यंदाचं खातं उघडता येत नाही. म्हणून आमच्या घराण्याचं हे खातं मी मागे मागे तपासत गेलो. कागदपत्रं हाताशी होती. २०१९ साली आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला निघाली तेव्हा पोटमाळा रिकामा करताना आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली होती. तिच्यात एक धोतर, गिरणीचा बिल्ला, आणि वाण्याच्या दुकानात बिलं ओवायला असते तशी एक आकडेवाली तार. तारेवर पोचा ओवलेल्या. मनीऑर्डरच्या पोचा. एक नाही, दोन नाही, जवळजवळ चाळीस वर्षांच्या.

आजोबा परळच्या एका गिरणीत कामाला होते. राहायचे गावकीच्या खोलीत. त्या काळी कोकणातल्या पुष्कळ गावांच्या अशा खोल्या लालबाग-परळात होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. जेवण खाणावळीत. आणि पगार झाला की मनीऑर्डर. आपल्याकडे मनीऑर्डर सुरू झाली १८८० साली. त्याच्या आदल्या वर्षी, १८७९ साली, पोस्टकार्ड आलं. किंमत पाव आणा. हा पाव आणा लक्षात ठेवा, पुढे हिशेबात घ्यायचा आहे.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहानशी पट्टी असे, तिच्यावर निरोप लिहायचा. लिहिता येत असेल तर स्वतः, नाहीतर दुसऱ्याकडून. १९१३ साली बांधून झालेल्या बोरीबंदरच्या मोठ्या पोस्टासमोर ताडपत्रीखाली पत्रलेखक बसायचे. ते फॉर्म भरून देत, पत्रं लिहून देत, आणि गिऱ्हाइकाला काय म्हणायचंय हे त्याच्या आधी त्यांना कळत असे. तो फॉर्म पुढे आगगाडीने, बोटीने, एसटीने आणि शेवटी पोस्टमनच्या पायांनी आमच्या घरी पोचायचा. पोस्टमन आजीच्या हातावर नोटा मोजायचा, निरोप वाचून दाखवायचा, आणि पोचेवर तिचा अंगठा घ्यायचा. ती पोच उलट प्रवास करून खोलीवर आली की आजोबांना कळायचं, पैसे मिळाले आणि बायको जिवंत आहे. दोन्ही बातम्या एका अंगठ्यात. पावसाळ्यात या फेऱ्याला महिनाही लागे. सगळा रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो असं म्हणत. ते खरंच होतं, पण परळची ती खोली पोचेवर जगत होती हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.

पोच न येणं म्हणजे काय हे त्या पिढीने एकदा फार जवळून पाहिलं होतं. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईपासून फार लांब नव्हे, अवघ्या काही मैलांवर. पण बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. माणसं बुडाली तेव्हा मुंबईत नेहमीसारखे भोंगे वाजत होते आणि ट्राम चालत होत्या. दुपार उलटेपर्यंत शहराला पत्ता नव्हता. पोहत, वाहत, मचव्यांतून जे वाचून आले त्यांनी बातमी आणली. आजोबा सांगायचे की त्या रात्री आमच्या खोलीतलं कोणी झोपलं नाही, पाळीवाले आणि बिनपाळीवाले दोन्ही धक्क्यावर उभे होते. रेंज नसणं या गोष्टीवर मी विनोद करतो खरा, पण ही एक नोंद वहीत आहे आणि ती खोडता येत नाही.

तर ती तार. मी बँकेतला माणूस, अंगठे पाहण्यात आयुष्य गेलं. आजीचा अंगठा मी दहा पोचांत ओळखायला लागलो. डावीकडे एक विळीची चीर होती, ती प्रत्येक ठशात दिसते. बाजूला पोस्टमनच्या अक्षरात 'निशाणी अंगठा'. अशा दोनेकशे निशाण्या तरी असतील. पण १९६१ च्या जूनच्या पोचेवर अंगठा नाही. तिथे वेडीवाकडी तीन अक्षरं आहेत. मधलं अक्षर उलटं काढून मग सुलटं केलेलं. माझे वडील तेव्हा तिसरीत होते. त्यांच्या पाटीवर आजी रात्री चोरून गिरवायची, आणि हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला कळवलं ते असं, सरकारी कागदावर, पोस्टमनच्या साक्षीने. त्या पोचेच्या मागे खानावळवालीच्या हिशेबाला वापरायच्या पेन्सिलीने आजोबांनी फक्त एक शब्द लिहिला आहे, "पाहिलं." इंटरनेटवर हल्ली निळ्या खुणेने जे कळतं तेच, पण ही खूण आजीला कधी दिसली नाही.

तारेवरची सगळ्यात वरची, म्हणजे शेवटची पोच जानेवारी १९८२ ची आहे. त्या महिन्याच्या १८ तारखेला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे पोच नाही, कारण पुढे पाठवायलाच काही नव्हतं. त्यानंतर काही वर्षं व्यवहार उलटा झाला. गावाहून परळच्या एसटीने तांदळाची गोणी यायची आणि वडील कंडक्टरच्या वहीत सही करून ती सोडवायचे. आमच्याकडे नावे आणि जमा या दोन बाजू तेव्हा बदलल्या, त्या पुन्हा पूर्ववत झाल्याच नाहीत.

दुसरं साधन तारेचं. म्हणजे पोस्टातल्या तारेचं. हिंदुस्थानात ती १८५५ साली सर्वसामान्यांसाठी खुली झाली. सर्वसामान्यांनी लगेच ठरवून टाकलं की ती फक्त कोणी गेल्यावर करायची. माझा जन्म परळच्या इस्पितळात झाला तेव्हा वडिलांनी हौसेने गावी तार केली. इंग्रजी तीन-चार शब्द, कारण शब्दावर पैसे. पोस्टमन तार घेऊन बांधावर दिसला आणि आजीने हंबरडा फोडला. तार वाचू शकणारे मास्तर तालुक्याला गेले होते. ते येईपर्यंत तीन तास सगळी वाडी आमच्या अंगणात बसून रडली. कोण गेलं ते ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाने आपापल्या पसंतीच्या माणसासाठी रडून घेतलं. मास्तरांनी तार वाचल्यावर, मुलगा झाला हे ऐकून आधी शांतता पसरली आणि मग एक म्हातारी म्हणाली, "मेल्याने जन्मताच रडवलंन." ही आमची सनद. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, आता मरणं थोडी कमी होतील.

टेलिफोन मुंबईत १८८२ सालीच आला होता. पण तो मुंबईत आला म्हणजे आमच्या चाळीत आला असं नव्हे. आमच्या चाळीत तो सुमारे शंभर वर्षांनी, तळमजल्यावरच्या वाण्याकडे आला. लगेच सगळ्या चाळीने लग्नपत्रिकांवर त्याचा नंबर छापला आणि पुढे लिहिलं 'पी.पी.' गावाला फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल. तो सकाळी नोंदवायचा आणि दिवसभर वाण्याच्या पोत्यावर बसून त्याची वाट पाहायची. पलीकडच्या माणसाने तालुक्याच्या पोस्टात येऊन बसायचं. म्हणजे 'अमुक दिवशी फोन करतो, पोस्टात येऊन बस' हे आधी पत्राने कळवायचं. ते पत्र मिळाल्याचं उलट पत्र आलं की मग फोन. त्या पत्रव्यवहारात सगळी खुशाली कळलेली असे. प्रत्यक्ष फोनवर वडील फक्त "ऐकू येतंय का?" आणि काका फक्त "येतंय, तुला येतंय का?" एवढंच बोलत. तीन मिनिटं संपत. दोघेही समाधानाने घरी जात. पूर्वी मला हे हास्यास्पद वाटायचं. आता वाटतं, त्यांना आणखी काय हवं होतं?

मग राजीव गांधींच्या काळात चित्र पालटायला लागलं. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं एक्स्चेंज तयार केलं. पहिलं बसलं ते १९८६ साली कर्नाटकात, कित्तूरला. त्याची थोरवी अशी की त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. धूळ आणि उन्हाळा ते आपल्या माणसांप्रमाणे सोसत असे. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ दुकानं आली. रात्री अकरानंतर पाव दर. लालबागला भारतमाता सिनेमाचा शेवटचा खेळ सुटायच्या सुमाराला बूथपुढे रांग लागायची. काचेच्या पेटीत उभा राहून माणूस लाल आकड्यांकडे बघत बोलायचा, आणि आकडा जसा चढेल तशी त्याची माया आटोपती होत जायची.

मोबाइल आला १९९५ साली. पहिला कॉल ३१ जुलैला कोलकात्याहून दिल्लीला झाला. मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर, आणि आलेला फोन घ्यायलाही पैसे. २००३ साली येणारा कॉल फुकट झाला आणि मगच तो आमच्यासारख्यांच्या खिशात आला. त्याचबरोबर आपल्या लोकांनी मिस्ड कॉलचा शोध लावला. गावी पोचलो की एक रिंग देऊन कापायची. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे पोचलो पण सामान एसटीत राहिलं. तीन म्हणजे तूच फोन कर. फुकटात पोच! आजोबांची ती पट्टी आणि आजीचा तो अंगठा, दोन्हींचं काम एका रिंगमध्ये, आणि ज्या कंपन्यांच्या यंत्रांवरून ती वाजायची त्यांना एक छदामही नाही. मला विचाराल तर हा आपल्या देशातल्या वाणिज्य शाखेचा परमोच्च क्षण होता.

इंटरनेटही त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, सर्वसामान्यांसाठी सुरू झालं. मुंबई पहिल्या शहरांत होती. मी त्याचं पहिलं दर्शन कॉलेजात असताना दादरच्या एका सायबर कॅफेत घेतलं. तासाचे पैसे भरून अर्धा तास एक चित्र वरून खाली उतरताना पाहिलं. कपाळापर्यंत उतरलं आणि माझा तास संपला. ते कोणाचं कपाळ होतं हे मला आजतागायत माहीत नाही.

तेव्हापासून लालबागमध्ये ते धावायला लागलं आणि गावात ते अजून कपाळावर आहे. असं का, हे मला बी.कॉम.च्या पुस्तकांनी सांगितलं. मोबाइलच्या लहरी बहुतेक सरळ रेषेत जातात आणि कोकणात सरळ रेष नावाची वस्तू नाही. एका टॉवरला डोंगराआडची वाडी दिसत नाही; तिच्यासाठी दुसरा उभारावा लागतो. टॉवरचा खर्च, वीज, बॅटऱ्या, वीज गेल्यावर डिझेल हे सगळं लालबागला लागतं तेवढंच सड्यावर लागतं, उलट डिझेल वर चढवायची मजुरी अधिक. लालबागच्या एका इमारतीत आमच्या सबंध गावाहून जास्त गिऱ्हाइकं राहतात. आणि आमच्या गावातली निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात, कारण त्यांचे मालक लालबागच्या टॉवरखाली बसलेले. मी जर टॉवरच्या कंपनीत कारकून असतो, तर आमच्या गावाचा अर्ज मीच 'फायदेशीर नाही' असा शेरा मारून परत पाठवला असता. हे मला सांगायला लाज वाटते, पण हिशेब हिशेब आहे.

इथे तो पाव आणा काढा. १८७९ सालच्या पोस्टकार्डाला गिरगावातून परळला जायला पाव आणा लागायचा आणि गिरगावातून आमच्या गावी जायलाही पाव आणाच. आमच्या गावच्या कार्डावर पोस्टाला खोट बसत असणार हे बी.कॉम.चा पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. पण ती खोट सगळ्या देशाच्या खात्यावर पडायची, एकट्या आमच्या डोंगरावर नाही. हे तत्त्व सरकार विसरलंय असं नाही. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातला हिस्सा खेड्यांसाठी बाजूला काढायचा निधी २००२ सालापासून आहे. २०२४ मध्ये त्याला 'डिजिटल भारत निधी' असं नाव मिळालं. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार न्यायची योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५ साली तिचं 'भारतनेट' असं बारसं झालं. तार पंचायतीपर्यंत येते. आता पंचायतीपासून वाडीपर्यंतचं अंतर उरलंय, आणि मध्ये ओढा आहे. पोस्टाच्या काळी एवढं अंतर पोस्टमन चालत जायचा. इंटरनेटला पोस्टमन नाही. म्हणून पोरं उभी करावी लागतात.

२०२० सालच्या टाळेबंदीत शाळा-कॉलेजं फोनवर भरायला लागली, तेव्हा कोकणातल्या मुलांनी रेंज मिळेल त्या माळावर झोपड्या बांधल्या आणि पावसात तिथे बसून अभ्यास केला. वर्तमानपत्रांत फोटो आले. मी चहा पिता पिता ते कौतुकाने बायकोला दाखवले. कौतुकाला डिझेल लागत नाही.

आणि त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. अलिबागच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि रायगड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात त्याने काही शिल्लक ठेवलं नाही. आई गावी एकटी. वडील जाऊन दोन वर्षं झालेली. सकाळी अकरा वाजता तिचा संदेश आला होता, "वारा सुटलाय. वाळवण आत घेते." त्यानंतर मी पाठवलेल्या प्रत्येक संदेशापुढे एकच खूण. एक खूण म्हणजे गेलं. दोन म्हणजे पोचलं. पहिल्या रात्री मी वीस संदेश पाठवले. वीसही एका खुणेवर उभे. वीज नाही, टॉवर नाही, रस्त्यावर झाडं. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास हवा, आणि पास मिळवून निघावं तर पुढे रस्ता आहे की नाही हे सांगणारं कोणी नाही. बँक चालू होती, म्हणून रोज शाखेत जात होतो. हातमोजे घालून लोकांच्या स्लिपांवर पोच देत होतो. शिक्का मारायचा आणि खिशातला फोन काढून बघायचा. एक खूण. सहकारी काही विचारत नसत. दुपारी डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवत, एवढंच.

आजोबा महिना महिना थांबत असतील ते कसे, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. त्यांच्याकडे फोन नव्हता. त्यामुळे दर दोन मिनिटांनी निराश व्हायची सोय त्यांना नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी शाखेच्या दारात एक अनोळखी टेम्पोवाला आला. ताडपत्र्या आणि पत्रे घेऊन दापोलीकडे गेला होता, रिकामा परत आला होता. मास्क, त्यावर गमछा, डोळे रात्रभर जागून लाल. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. रेशन दुकानाच्या पावतीची पाठकोरी बाजू. आईचं अक्षर.

"मी बरी आहे. कौलं गेली. माड तीन पडले, आंबा उभा आहे. म्हैस भाऊकाकांकडे. जेवतोस ना? पैसे पाठवू नको, इथली बँक बंद आहे."

मी काउंटरच्या आत उभा राहून ते पाचसहा वेळा वाचलं. टेम्पोवाला काही हलेना. भाडं हवं असेल असं वाटून मी पाकीट काढलं, तर तो संकोचून म्हणाला, "पैसे नको, साहेब. फक्त याच्यावर सही द्या." आणि त्याने दुसरा तेवढाच पाठकोरा तुकडा पुढे केला. "मावशींनी बजावलंय. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नको म्हणाल्या. परवा पुन्हा जातोय मी."

बावीस वर्षं मी लोकांच्या सह्या तपासल्या आहेत. ती सही माझ्या नमुना सहीशी मुळीच जुळत नव्हती. आमच्या साहेबांच्या नजरेला पडली असती तर त्यांनी चेक परत पाठवला असता. मधलं एक अक्षर तर मी उलटंच काढलं आणि मग सुलटं केलं.

आईची चिठ्ठी आता आजोबांच्या तारेवर आहे, १९८२ च्या पोचेच्या वर. मधल्या अडतीस वर्षांचं काहीच तिथे नाही. तेवढ्या काळात आम्ही फोनवर पुष्कळ बोललो असणार.

आणखी बारा दिवसांनी गावात वीज आली आणि कोणा बहाद्दराने सड्यावर डिझेल नेलं. आईने फोन बरणीपाशी बसवला असावा, कारण सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझे सगळे संदेश एकदम दोन खुणांवर गेले आणि पाठोपाठ निळे झाले. शेवटी शेवटी मी काय पाठवत होतो कुणास ठाऊक, पण ते त्र्याऐंशी होते. पाच मिनिटांनी तिचं उत्तर आलं.

"एवढे कशाला पाठवलेस? तुझी पोच मिळाली होती."